केमो चालू असताना : औषध काय करते, त्रास का होतो आणि कधी धावायचे



वर्षावासात आमच्या विहारात संध्याकाळी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. यंदा एका संध्याकाळी आजारी भिक्खूची कथा वाचली गेली. अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेला एक भिक्खू, त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. तथागत आनंदाला पाणी आणायला सांगतात, दोघे मिळून त्याला धुतात आणि उचलून अंथरुणावर निजवतात. वाचन संपले, सरणत्तय झाले. बाहेर चपला शोधता शोधता एक काकी आमच्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, केमो सुरू केली की माणूस फार दिवस राहत नाही म्हणतात. खरंय का?"

त्यांच्या सुनेच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट त्याच आठवड्यात आला होता. पुढची तारीख मिळाली होती, आणि घरात जायचे की नाही यावर वाद चालला होता.

काकींना हे कोणी शिकवले नव्हते, त्यांनी ते पाहिले होते. त्यांच्याच गल्लीतली एक बाई दुसऱ्या केमोनंतर "औषधच मारतंय मला" म्हणत घरी बसली. वर्षभरात गाठ पुन्हा आली, ती हाडापर्यंत पोचूनच. दुसरी एक, वय पस्तीस, चांगली धीराची. तिसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी, शनिवारी रात्री तिला ताप भरला. घरच्यांनी नाक्यावरून तापाची गोळी आणली. रविवारी जवळच्या दवाखान्यात एक इंजेक्शन घेतले. सोमवारी सकाळी मोठ्या दवाखान्यात नेले तेव्हा तिचा रक्तदाब लागत नव्हता. ती गेली. वस्तीने हिशेब मांडला की केमोने दोघी गेल्या. आमचा हिशेब वेगळा आहे. पहिली केमो सोडल्यामुळे गेली आणि दुसरी तापात दोन दिवस गेल्यामुळे गेली. तो फरक काय, हे काकींना आम्ही विहाराच्या पायरीवर बसून तासभर सांगितले. तेच इथे लिहितो.

औषध काय करते

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. कुठे थांबायचे याची आज्ञा पेशीच्या आतच असते. जखम भरून आली की कातडी वाढायची थांबते ती त्यामुळेच. कॅन्सरची पेशी ही आज्ञा मानत नाही. ती वाढतच राहते आणि रक्तातून दुसऱ्या ठिकाणी जाऊन तिथेही बस्तान बसवते.

शस्त्रक्रिया आणि शेक हे दोन्ही उपाय शरीराच्या एका जागेवर चालतात. केमो म्हणजे रक्तातून अंगभर फिरणारे औषध. बहुतेक वेळा सलाईनमधून, काही वेळा गोळ्यांतून. गाठीपासून सुटून कुठेतरी दडून बसलेल्या, स्कॅनमध्येही न दिसणाऱ्या पेशींपर्यंत ते पोचते. "गाठ काढली ना, मग आता केमो कशाला?" या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

पण नेहमीच्या केमोच्या औषधाला कॅन्सर ओळखता येत नाही. त्याला एकच गोष्ट कळते : कोणती पेशी दोनाची होण्याच्या घाईत आहे. अशी घाईतली पेशी सापडली की ते तिचे काम बिघडवते. कॅन्सरची पेशी सतत घाईत असते म्हणून ती सापडते. पण आपल्या चांगल्या पेशींमध्येही काही घाईच्या असतात. केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आणि आतड्याच्या आतल्या अस्तरात, आणि हाडाच्या आत जिथे रक्त तयार होते त्या मगजात. म्हणून केस जातात, तोंड येते, उलट्या-जुलाब होतात, रक्त कमी होते. काळजी करण्यासारखे असले तरी यात गूढ काही नाही. कुठे त्रास होणार आणि साधारण कोणत्या दिवशी होणार, हे आधी सांगता येते. सांगितले जात नाही, ही खरी अडचण आहे. शंभर-दीडशे रुग्णांच्या ओपीडीत सांगायला वेळ उरत नाही, हे आम्ही वॉर्डात काम करून पाहिले आहे. पण त्याची किंमत आपल्या वस्त्या मोजतात.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. त्रास जास्त झाला म्हणजे औषध जास्त लागू पडले असे नाही. आणि त्रास झालाच नाही म्हणजे दवाखान्याने पाणी चढवले असेही नाही.

एकदाच जोरात का देत नाहीत

गावाकडे ज्यांनी शेतात मजुरी केली आहे त्यांना हे लगेच कळेल. एका खुरपणीत तण जात नाही. वरचे निघते, मातीतले पुन्हा उगवते, मग पुन्हा खुरपायचे. केमोचा एक डोस गाठीतल्या सगळ्या पेशी मारत नाही, त्यांतला ठरावीक हिस्सा मारतो. एक सेंटिमीटरच्या, म्हणजे वाटाण्याहून थोड्या मोठ्या गाठीत साधारण १०० कोटी पेशी असतात. समजा एका डोसने शंभरातल्या नव्व्याण्णव मेल्या. तरी एक कोटी उरल्या. हाताला गाठ लागत नाही, रुग्णाला वाटते बरे झाले, आणि एक कोटी पेशी आत बसलेल्या असतात. दुसरा डोस, तिसरा, चौथा, असे करत तो आकडा खाली न्यायचा असतो. आमच्या गल्लीतली पहिली बाई घरी बसली ती गाठ हाताला लागेनाशी झाल्यावरच. पुढे जे उगवले ते या उरलेल्यांतून.

मग रोज का देत नाहीत? कारण चांगल्या पेशींनाही सावरायला वेळ लागतो. हाडातल्या मगजाला मार बसला की पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी सर्वांत खाली जातात, आणि एकविसाव्या दिवसापर्यंत बहुतेकदा परत वर येतात. चांगल्या पेशी लवकर सावरतात, कॅन्सरच्या पेशींना तेवढे जमत नाही. या फरकावर सगळी केमो उभी आहे. म्हणूनच बऱ्याच केमोची तारीख २१ दिवसांनी येते. तारीख लग्नासाठी, जत्रेसाठी पुढे ढकलली की कॅन्सरच्या पेशींना सुट्टी मिळते. उलट रक्त तपासल्यावर डॉक्टरांनीच "आठवडाभर थांबा" सांगितले, तर ते हयगयीने सांगत नाहीत. मगज अजून सावरलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

डोसही अंदाजाने ठरत नाही. बहुतेक औषधांचा डोस उंची आणि वजन यांवरून काढतात. म्हणून दर वेळी वजन करतात. पायातल्या चपला, खांद्यावरची पिशवी काढून काट्यावर उभे राहा.

छातीच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा दोन टप्प्यांत केमो देतात. आधी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही दोन औषधे मिळून चार वेळा, मग पॅक्लिटॅक्सेल. दोन-तीन वेगवेगळी औषधे अशासाठी, की प्रत्येकाची पेशीला मारण्याची रीत निराळी असते. एकाच्या हातून सुटलेली दुसऱ्याच्या हाती सापडते. काहींना शस्त्रक्रियेच्या आधी केमो देतात, गाठ लहान व्हावी म्हणून. काहींना नंतर. आणि रोग दूर पसरला असेल तर केमो रोग मुळापासून काढत नाही, त्याला आटोक्यात ठेवते, दुखणे कमी करते, आयुष्य वाढवते. आपली केमो यांपैकी कशासाठी आहे, हे विचारायचा हक्क रुग्णाला आहे. "डॉक्टरसाहेब, ही बरे करण्यासाठी आहे की आटोक्यात ठेवण्यासाठी?" एवढे एक वाक्य पहिल्या तारखेला विचारा. उत्तर ऐकायला घरातला एक माणूस सोबत ठेवा.

"विषच आहे ते" असे लोक म्हणतात. ते अगदीच खोटे नाही. १९४२ साली अमेरिकेत येल विद्यापीठात युद्धातल्या मस्टर्ड वायूच्या जातीचे एक रसायन रक्ताच्या एका कॅन्सरवर पहिल्यांदा वापरले गेले आणि गाठी विरघळल्या, तिथून आजच्या केमोची सुरुवात झाली. सायक्लोफॉस्फामाइड हे त्याच घराण्यातले. मेथोट्रेक्सेट हे आजही लागणारे औषध ज्यांच्या कामातून आले त्यांत यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातल्या गरीब घरातले शास्त्रज्ञ होते. आणि व्हिन्क्रिस्टीन तर आपल्या दारात डब्यात लावलेल्या सदाफुलीतले. हे ऐकून काही जण सदाफुलीची पाने चावून खातात. तसे करू नका. शेकडो किलो वाळल्या पाल्यातून ग्रॅमभर औषध निघते, पानात त्यासोबत इतर विषारी द्रव्येही असतात, आणि कोणत्या पानात किती हे जिभेला कळत नाही. विष आणि औषध यांत फरक मापाचा आहे. ते माप काढता येते म्हणूनच दवाखाना.

सलाईन लावल्यापासून घरी येईपर्यंत

डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचे असते. दवाखान्यात सगळे त्याला 'लाल केमो' म्हणतात. घरी आल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसते. दोन दिवसांनंतरही लघवी लाल राहिली किंवा लघवीला जळजळ झाली, तर मात्र दाखवा. हे औषध हृदयावर ताण आणते, म्हणून आधी टू-डी एको करतात आणि जन्मभरात किती द्यायचे याला मर्यादा असते. जुन्या फाइली रद्दीत घालू नका. दुसऱ्या दवाखान्यात आधी किती दिले होते हे त्या कागदांवरूनच कळते.

सलाईन चालू असताना सुईच्या जागी जळजळ, सूज किंवा चिरमिर वाटली तर त्या क्षणी नर्सला हाक मारा. लाल केमो शिरेबाहेर पडली तर आतले मांस सडते, महिनोन्महिने न भरणारी जखम होते. आमच्या बायका सोसण्यात पटाईत. "सिस्टर कामात होत्या, म्हणून म्हटलं सलाईन संपू दे" असे सांगणारी बाई आम्ही पाहिली आहे. तिचा हात आम्ही अडीच महिने ड्रेसिंग केला. इथे सोसू नका, ओरडा. सिस्टर चिडल्या तर चिडू द्या.

सायक्लोफॉस्फामाइड मूत्राशयाला त्रास देते, म्हणून भरपूर पाणी प्यायला आणि वरचेवर लघवीला जायला सांगतात. डॉक्टर सांगून मोकळे होतात. पण संडास गल्लीच्या टोकाला, रात्री दिवा नाही, म्हणून आपल्या बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. हे आम्ही घरोघर पाहिले. केमोच्या दिवशी आणि पुढच्या दोन रात्री घरातच आडोसा करून झाकणाची बादली ठेवा. सासऱ्यांसमोर लाज वाटते, असे एका सुनेने सांगितले. त्या घरात सासऱ्यांनीच दोन रात्री विहारात झोपायला जायचे ठरवले.

पॅक्लिटॅक्सेल सुरू झाले की हातापायाला मुंग्या येतात, सांधे दुखतात. सुईत दोरा ओवता येत नाही, शर्टाचे बटण लागत नाही, चप्पल पायातून निसटल्याचे कळत नाही, असे झाले तर ते डॉक्टरांना सांगायचेच, कारण डोस कमी करता येतो. शिलाईवर, डब्यांच्या कामावर पोट असणाऱ्या बाईसाठी ही किरकोळ गोष्ट नाही. ऑक्झॅलिप्लॅटिन हे आतड्याच्या कॅन्सरमध्ये लागणारे औषध चालू असेल तर थंड पाण्याला हात लावला तरी बोटांत विजेसारखी कळ येते. त्या दिवसांत नळावरचे काम दुसऱ्याने करावे.

मळमळ, तोंड, जेवण, केस

उलटीची गोळी उलटी होण्याआधी घ्यायची असते. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहे. गोळ्या महाग, म्हणून "लागली तर देऊ" असे करून घरचे जपून ठेवतात. मग उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळीही बाहेर पडते. पहिले दोन-तीन दिवस घड्याळ पाहून, लिहून दिल्याप्रमाणे द्या. ऑन्डान्सेट्रॉनने शौचाला कडक होते, त्याचे औषध आधीच मागून घ्या.

तोंड साधारण आठवड्याने येते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः जेवणानंतर, चूळ भरा. ब्रश मऊ घ्या. मशेरी, तंबाखू, गुटखा बंद. मशेरीशिवाय शौचाला होत नाही म्हणणाऱ्या मावश्या आम्हाला माहीत आहेत. त्यांच्याशी आमचे भांडण जुने आहे, पण तोंड आलेले असताना मशेरी म्हणजे जखमेवर राख चोळणे, हे त्यांनाही पटते. घास गिळता येत नसेल, पाणीही उतरत नसेल, तर घरी थांबू नका.

जेवणाबद्दल प्रत्येक जण डॉक्टर होतो. अंडी गरम, मासे वाईट, मटण बंद, फक्त फळांचा रस. यातले काहीही करू नका. मगजाला नवे रक्त तयार करायला प्रथिने लागतात. अंडे, डाळ, मासळी, मटण, सुकट, जे घरात परवडते ते खायचे, फक्त पूर्ण शिजवून आणि ताजे. अर्धे कच्चे अंडे नको, रात्रीचे उरलेले नको, गाडीवरची चटणी आणि उघडी कापलेली फळे नकोत. पाणी उकळून. भूक मरते म्हणून दोन वेळचे ताट मांडण्यापेक्षा दिवसातून सहा वेळा वाटीभर द्या : पेज, खिमट, वरणभात, नाचणीचे सत्त्व. फोडणीच्या वासाने मळमळते, तेव्हा अन्न जरा निवल्यावर द्या. जुलाब दिवसात चारपेक्षा जास्त झाले तर ओआरएस सुरू करून दवाखान्यात कळवा. गावठी काढे, कुणी दिलेल्या पुड्या केमोसोबत घेऊ नका. यकृत आधीच काम करून दमलेले असते. घेतच असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

केस पहिल्या केमोनंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी जातात, उशीवर पुंजके दिसू लागतात. सगळ्याच औषधांनी जात नाहीत. लाल केमो आणि पॅक्लिटॅक्सेलने मात्र बहुतेकांचे जातात. केमो संपल्यावर दोन-तीन महिन्यांत परत येऊ लागतात, कधी आधीपेक्षा कुरळे येतात. कॅन्सरच्या सगळ्या त्रासात हा त्रास जिवाला सर्वांत कमी धोक्याचा आणि बाईच्या मनाला सर्वांत जड. एका ताईने डोक्यावरचे केस गेले म्हणून सहा महिने विहाराची पायरी चढली नाही. त्याच विहारात श्रामणेर शिबिराला तिच्या दोन्ही पोरांचे डोके भादरले होते तेव्हा तिने सगळ्या गल्लीला खीर वाटली होती. आम्ही तिला ही आठवण दिली तेव्हा ती हसली, पण आली नाही. आली ती पुढच्या पौर्णिमेला, डोक्याला पांढरा रुमाल बांधून.

ज्यांचे वय मुले होण्याचे आहे त्यांनी एक गोष्ट पहिल्या केमोच्या आधी विचारावी : पुढे मूल होण्याचे काय? केमोने पाळी थांबते, काहींची परत येते, काहींची नाही. आणि पाळी थांबली म्हणून दिवस राहणार नाहीत असे समजू नका. केमो चालू असताना गर्भ राहू देऊ नये.

ताप : इथे थांबायचे नाही

आता गल्लीतल्या दुसऱ्या बाईबद्दल. तिला तापाच्या गोळीने बरे का वाटले नाही?

पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसांत पहारा सर्वांत कमी असतो. त्या वेळी जंतू बाहेरूनच यावे लागत नाहीत. आपल्याच आतड्यातले, कातडीवरचे, तोंडातल्या जखमेतले जंतू रक्तात शिरतात. पहारेकरी नसल्यामुळे पू होत नाही, सूज येत नाही, खोकला-कफही नसतो. दिसतो तो फक्त ताप. म्हणून केमोच्या रुग्णाचा ताप आणि घरातल्या इतरांचा ताप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहारा नसताना जंतू काही तासांत रक्तदाब खाली आणतात. त्यावर उपाय आहे, तो म्हणजे शिरेतून अँटिबायोटिक, आणि तो तासाभरात सुरू व्हायला हवा.

घरात थर्मामीटर ठेवा. हात लावून "कोमट वाटतंय" हे चालणार नाही. १००.४ किंवा त्याहून जास्त आकडा आला की निघायचे. रात्र असो, रविवार असो, भीमजयंतीची मिरवणूक असो. तापाची गोळी आधी द्यायची नाही, कारण गोळीने आकडा खाली येतो, जंतू तिथेच राहतात, आणि घरच्यांना वाटते उतरला. ताप नसेल पण थंडी वाजून अंग थरथरत असेल, रुग्ण गळून पडला असेल, भलतेच बोलत असेल, धाप लागत असेल, तरीही निघायचे. केमोसोबत स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतात, त्यांनी कधी ताप झाकला जातो.

केमोचा दवाखाना लांब असेल तर जवळच्या, रात्रभर कॅज्युअल्टी चालू असणाऱ्या दवाखान्यात जा आणि दारातच सांगा : "केमो चालू आहे, इतक्या तारखेला झाली, आता ताप आहे." रांगेत बसू नका. सीबीसी करायला सांगा. नाक्यावरच्या दवाखान्यात दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेऊ नका. केमोत प्लेटलेटही कमी असतात, सुईच्या जागी आत रक्त साचते आणि तिथेच जंतू वाढतात. हिरड्यांतून रक्त, अंगावर लाल ठिपके, काळी शौच ही प्लेटलेट कमी झाल्याची खूण. तेव्हाही थांबायचे नाही.

त्या बाईच्या घरी थर्मामीटर नव्हता. तिच्या नवऱ्याने आम्हाला पुढे कधीतरी विचारले, "ताई, शनिवारीच नेलं असतं तर?" आम्ही त्याला खोटे बोललो. म्हणालो, सांगता येत नाही. आता आमच्या विहारात दोन थर्मामीटर ठेवले आहेत, आणि ज्या घरात केमो चालू आहे त्या घराच्या दारामागे एक पुठ्ठा लावतो : केमोची तारीख, औषधांची नावे, सातवा ते चौदावा दिवस लाल पेनाने, आणि रात्री बोलवायच्या रिक्षावाल्याचा नंबर. तुमच्या मंडळालाही हे करता येईल. खर्च फार नाही.

काहींना केमोच्या दुसऱ्या दिवसापासून पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने लिहून देतात. ती फ्रिजमध्ये ठेवावी लागतात, बर्फाच्या कप्प्यात नाही, खालच्या. घरी फ्रिज नसेल तर शेजारी विचारा, आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. ती घेतल्यावर कंबर, मांड्या ठणकतात. तो मगज कामाला लागल्याचा ठणका असतो.

ताट, तांब्या आणि संडास

कॅन्सर शिवून होत नाही. एका ताटात जेवून, एका अंथरुणावर झोपून, नातवाला मांडीवर घेऊन होत नाही. तरी आम्ही घरे पाहतो जिथे केमो सुरू झाली आणि ताट-तांब्या वेगळा झाला. हे आम्हाला इतर घरांत दिसले असते तर आम्ही आजार म्हणून सोडून दिले असते. पण २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठी गेलेल्या माणसांची ही नातवंडे. त्यांच्या घरात, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, आजारी सुनेचा तांब्या मोरीच्या कोपऱ्यात वेगळा ठेवलेला पाहिला की आमच्या तोंडून चांगले शब्द निघत नाहीत. त्याबद्दल काही घरे आमच्यावर नाराज आहेत. असू देत.

यात घोळ होतो तो दवाखान्यातल्या एका सूचनेमुळे. केमोनंतर ४८ तास रुग्णाच्या लघवीत, शौचात, उलटीत औषधाचा अंश उतरतो. काळजी त्या औषधाची घ्यायची आहे, माणसाची नाही. तेवढे दोन दिवस संडासात नेहमीपेक्षा जास्त, बादलीभर पाणी ओतायचे. पुरुष रुग्णाने लघवीला बसून जायचे म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. उलटीची बादली, घाण झालेले कपडे उचलताना हातमोजे घालायचे, नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची, आणि ते कपडे वेगळे धुवायचे. गरोदर बाईने हे काम करू नये. नवरा-बायकोच्या संबंधात त्या दिवसांत निरोध वापरावा. ताट नेहमीसारखे साबणाने घासले की झाले. सार्वजनिक संडास रुग्णाला बंद करायचा कोणी प्रयत्न केला तर हे सगळे त्याला वाचून दाखवा.

खर्च आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो बसते. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, पहिल्या दिवशी आधी त्याला गाठा आणि मंजुरी आल्याशिवाय बाहेरून औषधे विकत आणायला धावू नका. मुंबईत टाटा रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, पण जागा लगेच मिळत नाही, दवाखान्याची चिठ्ठी घेऊन लवकर नाव लावा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर वर्गात भाडे माफ आहे आणि सोबतच्या माणसालाही सवलत आहे. त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातला दाखला दवाखान्याच्या सहीशिक्क्यानिशी लागतो. केमोच्या प्रत्येक भेटीत एक कोरा नमुना सोबत ठेवा.

काकींची सून आता तिसऱ्या केमोवर आहे. तिचे पहिले दहा दिवस मात्र वाया गेले, ते भीतीने नाही. रेशनकार्डावर तिचे माहेरचे नाव होते आणि आधारवर सासरचे. योजनेची मंजुरी तिथे अडली. घरात कोणी आजारी नसेल तरी या रविवारी दोन्ही कार्डे शेजारी शेजारी ठेवून प्रत्येकाचे नाव जुळते का ते पाहून घ्या.